छापायला हरकत नाही

माझ्या नोकरीची एकोणतीस वर्षं मी दोन अक्षरं लिहिण्यात काढली. कवी मंडळी एकेका शब्दासाठी रात्र रात्र जागतात म्हणे. मी या दोन अक्षरांवर संसार केला, मुलीचं लग्न केलं आणि कोथरूड गावाबाहेर होतं तेव्हा तिथे दोन खोल्या घेतल्या. ती अक्षरं म्हणजे ओ आणि के. पुण्यातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. ‘मुद्रितशोधक’ हा शब्द फक्त पगारपत्रकात असे. बाकी जगाच्या लेखी मी ‘प्रुफं बघतो’. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा भावी सासरेबुवांनी हे नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, “ते झालं हो, पण काम काय करता?”

काम असं : कंपोझिटर खिळे जुळवून गॅली लावणार. तिचं शाईने बरबटलेलं प्रुफ माझ्यापुढे येणार. मी समासात खुणांची पेरणी करणार. त्या चुका दुरुस्त करताना कंपोझिटर इमानेइतबारे दोन नव्या चुका करणार. मग पानं पडणार, पुन्हा प्रुफ येणार, शेवटी फर्मा मशीनवर चढला की मशीनप्रुफ येणार आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात मी इंग्रजीत ‘ओ. के.’ लिहून खाली तारीख घालणार. म्हणजे सर्व बरोबर आहे, छापायला हरकत नाही. त्या दोन अक्षरांनंतर ब्रह्मदेव आला तरी वेलांटी हलत नसे.

छापखान्यात नवीनच लागलेल्या एका पोराला वाटलं, की हे माझं नाव. ओंकार काशिनाथ किंवा असंच काहीतरी. महिनाभर तो मला ‘ओके साहेब’ म्हणत होता. चूक कळल्यावर त्याने सुधारणा केली आणि ‘ओकेकाका’ म्हणू लागला. (या पोराचा उल्लेख पुढे पुन्हा यायचा आहे, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.)

पुढे खिळे मोडीत निघाले, मीही निघालो. मग एकदा जावयांनी अमेरिकेहून येताना एक पुस्तक आणलं. अ‍ॅलन मेटकाफ नावाच्या भाषाभ्यासकाने २०१० साली ओ. के. या एका शब्दावर लिहिलेलं आख्खं पुस्तक. जावयांचा हेतू प्रेमाचा होता. परिणाम असा झाला की माझी झोप उडाली. कारण ओ. के. हे ‘ऑल करेक्ट’चं संक्षिप्त रूप निघालं. आता ‘ऑल’ला ए लागतो आणि ‘करेक्ट’ला सी. म्हणजे शब्द दोन, चुका दोन. ‘सर्व बरोबर’ असा दाखला देणारा शब्दच नापास! एकोणतीस वर्षं मी दर पानाच्या डोक्यावर स्पेलिंगच्या दोन चुका करून ‘या पानात चुका नाहीत’ असं लिहून देत होतो, आणि त्याचा पगार घेत होतो.

प्रकरण बॉस्टनचं. १८३८-३९ च्या सुमारास तिथल्या वर्तमानपत्रवाल्यांना आद्याक्षरांचं वेड लागलं होतं. तेही सरळ नव्हे. ‘नो गो’, म्हणजे ‘जमायचं नाही’, हे मुद्दाम ‘जाणणे’ या अर्थाचा ‘नो’ वापरून लिहायचं आणि त्याचं ‘के. जी.’ करायचं. ‘नो यूज’चं तसंच ‘के. वाय.’ आणि ‘ऑल राइट’चं ‘ओ. डब्ल्यू.’. आधी अशुद्ध लिहायचं, मग त्याची आद्याक्षरं काढायची, मग वाचकाने ती ओळखायची, आणि एवढे कष्ट घेतल्यावर त्याने हसायचंही. विनोद म्हणून हा माल फार वरच्या प्रतीचा नाही. पण मी आयुष्यात पुष्कळ दिवाळी अंकांची प्रुफं वाचली आहेत, तेव्हा बॉस्टनला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

२३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये, दुसऱ्या पानावर, हे ओ. के. छापलेलं सापडतं. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन. विषय काय, तर जेवणाच्या घंटा वाजवण्यावरून झालेल्या वादातून निघालेला टवाळ मंडळींचा एक घंटाविरोधी संघ, आणि त्यावरून प्रॉव्हिडन्स गावच्या एका संपादकाला काढलेला चिमटा. आज त्या घंटा नाहीत, तो संघ नाही आणि चिमटा कुठे बसला हेही समजावून घ्यावं लागतं. उरलं ते एवढंच. तिथे ओ. के.च्या शेजारी ‘ऑल करेक्ट’ असा खुलासा दिला आहे, आणि व्यवसायबंधू म्हणून मी नमूद करतो की खुलाशाचं स्पेलिंग शुद्ध आहे. त्या दिवशी तिथे एखादा माझ्यासारखा कर्तव्यदक्ष प्राणी असता, तर त्याने ओ. के. खोडून समासात ‘ए. सी.’ लिहिलं असतं, आणि आज जगभर एक माणूस विचारतो आहे “एसी?” आणि दुसरा म्हणतो आहे “एसी, एसी!” असा देखावा दिसला असता.

आपल्याला हे आद्याक्षरांचं वेड परकं वाटू नये. ‘सा. न. वि. वि.’ने सुरू होऊन ‘ता. क.’मध्ये खरा मुद्दा सांगणारी पत्रं आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहिली. ‘चि. सौ. कां.’ या तीन टिंबांत मुलीचं वय, आईबापांची उमेद आणि कार्यालयाचा खर्च एवढं सगळं मावतं. फरक एवढाच की आपली टिंबं गंभीर असतात. ‘चि.’ दिसलं की माणूस जिवंत आणि आपल्याहून लहान. ‘ती.’ दिसलं की नमस्कार. ‘कै.’ दिसलं की संपलं. त्यात हसायची सोय नाही.

तर बॉस्टनचा हा जन्मदाखला शोधून काढला कोलंबिया विद्यापीठातल्या अ‍ॅलन वॉकर रीड यांनी. (आडनावच ‘वाच’!) जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसून त्यांनी १९६३-६४ साली ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेखांमागून लेख लिहिले आणि तारखेनिशी सगळं मांडलं. एवढं झाल्यावर विषय मिटायला हवा होता. पण माणसाला आपल्या लाडक्या शब्दाचा बाप कुणी टवाळ पत्रकार असावा, हे सहन होत नाही. घराणं हवं असतं. मग जो तो ओ. के.ला आपल्या घरी दत्तक घेतो. ग्रीक म्हणतात, हे आमचं ‘ओला काला’, म्हणजे सगळं छान. स्कॉटिश म्हणतात, आमचं ‘ऑख आय’. फ्रेंचांच्या बाजूने हैतीमधलं ले के बंदर आणि तिथली उत्तम रम साक्षीला येते. बिस्किटाची एक पेटीही आहे. अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांना जी बिस्किटं मिळत त्यांवर ‘ओ. के.’ ही बनवणाऱ्याची आद्याक्षरं होती, म्हणून ते म्हणे झालं. युद्ध सुरू झालं १८६१ मध्ये, शब्द छापला गेला १८३९ मध्ये. म्हणजे बापाच्या मुंजीआधी मुलाचा जन्म! तरी ही कथा सांगणारे अजून सांगतातच. आमच्या सोसायटीतले निवृत्त मुख्याध्यापक तर ठामपणे म्हणतात, की हे मूळचं ओंकारातलं आहे, ‘के’ तेवढा साहेबाने चिकटवला.

एक व्युत्पत्ती थेट राष्ट्राध्यक्षांची. उत्तर अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘असंच आहे’ या अर्थाचा ‘ओके’सारखा शब्द आहे. वूड्रो विल्सन यांना ही उपपत्ती पटली होती, त्यामुळे ते सरकारी कागदांवर चार अक्षरी ‘ओ के ई एच’ लिहीत. त्याच स्पेलिंगची एक ग्रामोफोन कंपनी १९१८ मध्ये निघाली. लुई आर्मस्ट्राँगने १९२५ मध्ये आपल्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका तिथेच काढायला सुरुवात केली. त्या कंपनीचं नाव मात्र खरोखरच आद्याक्षरांचं होतं. मालक ओटो के. ई. हाइनमान.

आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतल्या होकाराकडे बोट दाखवणारीही एक उपपत्ती आहे. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी तो शब्द अमेरिकेत नेला असावा, अशी. पुरावा तिलाही मिळालेला नाही. पण बाकीच्यांना मी हसतो तसं हिला हसत नाही. बॉस्टनच्या टवाळांचं बोलणं छापायला छापखाना होता. शेतात राबणाऱ्यांच्या बोलण्याचं प्रुफ कुणी काढलं नाही.

ओबाडाया केली नावाचा कुणी रेल्वेचा मालवाहतूक कारकून होता, तो प्रत्येक पावतीवर आपली आद्याक्षरं घाली आणि त्यावरून शब्द रूढ झाला, ही कथा वाचली तेव्हा मात्र मी पुस्तक मिटून मोठ्याने हसलो. मला आमचा तो पोरगा आठवला. आधी ओ. के. असतं, मग त्याच्यामागे माणूस उभा केला जातो. अजून पन्नास वर्षं छापखाना चालला असता, तर पुण्यात ‘ओंकार काशिनाथ’ नावाच्या मुद्रितशोधकामुळे हा शब्द जगात गेला, असं कुणीतरी नक्की लिहिलं असतं.

आणि एका व्युत्पत्तीवर माझा जीव जडला होता, हेही कबूल करतो. जर्मन लोक म्हणतात, ओ. के. म्हणजे ‘ओने कोरेक्टुर’, अर्थात ‘दुरुस्तीविना’. छापखान्यातला, प्रुफावरचा शेरा! माझं सगळं आयुष्य एका फटक्यात स्पेलिंगसकट शुद्ध झालं असतं. दोन दिवस मी तिच्या बाजूने मनात भांडलो. पण पुरावा नाही तर नाही. स्वतःच्या सोयीसाठी चूक ठेवायची, हे आमच्या धंद्यात बसत नाही.

बॉस्टनची बाकीची टवाळ आद्याक्षरं वर्ष-दोन वर्षांत मेली. हीच कशी तगली? तर निवडणुकीमुळे. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यू यॉर्क राज्यातलं किंडरहुक, म्हणून त्यांचं टोपणनाव झालं ‘ओल्ड किंडरहुक’, आणि न्यू यॉर्कमध्ये पाठीराख्यांनी ‘ओ. के. क्लब’ काढले. विरोधकांनी लगेच त्याच अक्षरांतून ‘पैसे संपले’, ‘पत संपली’ असे अर्थ अशुद्ध स्पेलिंगसह काढून दाखवले. व्हॅन ब्यूरेन पडले, हॅरिसन निवडून आले, पण या धामधुमीत ओ. के. देशभर झालं. मग तारयंत्र आलं, आगगाड्या आल्या. संदेश पोचला, ही पोच द्यायला तारबाबूला दोन अक्षरी शब्द मिळाला, आणि थट्टेतलं ओ. के. सरकारी नोकरीत कायम झालं.

माझ्या मते त्याचं यश इथेच आहे, आणि त्याच्यावरचा माझा आक्षेपही इथेच. ते पोच देतं. मत देत नाही. जेवण कसं होतं? ओके. म्हणजे आमटीत मीठ नव्हतं. प्रकृती कशी आहे? ओके. म्हणजे विचारू नका. वर्गात मास्तर म्हणतात “ओके, पुढे चला”, तेव्हा त्याचा अर्थ कुणालाच समजलेलं नाही एवढाच असतो. साहेब “ओके, बघतो” म्हणाले की तो होकार नसतो, धमकीही नसते, पण रात्री झोप लागत नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली त्याची खूण तर आणखी घोळ. जपानात ती पैसे दाखवते, फ्रान्सच्या दक्षिणेत शून्य, ब्राझीलमध्ये ती केली तर मार खाल, आणि आमच्याकडे लग्नातला आचारी रस्सा चाखून तीच करतो तेव्हा ‘फक्कड!’

आपल्या ‘बरं’शी लावून बघा. “बरं!” म्हणजे ठीक आहे. “बरं?” म्हणजे पुढे सांग. “बरं का” म्हणजे गोष्ट सुरू. “बरं बरं” म्हणजे पुरे झालं तुझं शहाणपण. “बऱ्या बोलाने” म्हणजे काठी कोपऱ्यात आहे. अर्थ ओ. के.इतकेच, पण प्रत्येक ‘बरं’ला तोंड आहे, कोण म्हणालं, कुठल्या आवाजात म्हणालं, हे कळतं. ओ. के.ला तोंड नाही, म्हणून त्याचा शिक्का करता येतो. ‘बरं’चा शिक्का करून बघा, कागद लाजेल.

अर्थात आपण त्यालाही आपलंसं केलंच. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ घ्या. तीन शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, मध्ये विरामचिन्ह नाही. माझ्यापुढे ते प्रुफ आलं असतं तर मी प्रश्नचिन्ह करून परत पाठवलं असतं. त्यातल्या ओके-बद्दलही दोन कथा आहेत. कुणी म्हणतं महायुद्धाच्या काळात ट्रक रॉकेलवर चालत, त्याची ती खूण. कुणी म्हणतं टाटांच्या ओके साबणाची ती जाहिरात. म्हणजे इथेही बारसं झालं, बाप सापडत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ही अक्षरं रंगवायला बंदी केली, कारण त्यामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. हॉर्न थांबले नाहीत.

पुढे जून २०२२ मध्ये सांगोल्याच्या आमदारांनी गुवाहाटीहून एका कार्यकर्त्याला फोनवर तिथली झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचं वर्णन ऐकवलं, त्यात दुहेरी ‘क’ घातलेलं ‘ओक्के’ होतं. दोन दिवसांत ते आख्ख्या महाराष्ट्राला पाठ. ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी त्याला ‘खोके’ जुळवलं. मी राजकारणात पडत नाही, यमकात पडतो. ‘ओके’ला ‘खोके’ हे यमक चोख आहे. १८४० साली न्यू यॉर्कमध्ये जे झालं तेच इथे १८२ वर्षांनी झालं. अक्षरं तीच, निवडून येणारे-पडणारे वेगळे. आणि ‘ओक्के’ हे मात्र मला मनापासून आवडलं. त्या जोडाक्षरात जीभ टाळूला लागते, माणूस दिसतो. त्याला तोंड आहे.

उलट माझी नात. मी मोबाइलवर तिला सहा ओळींचं शुद्ध पत्र लिहितो. उत्तर येतं ‘के’. ओ. के.मधला ओसुद्धा गळला. संक्षेपाचाही संक्षेप. मी तक्रार केली तर म्हणाली, “आजोबा, वाचलं म्हणून कळवलं ना!” बरोबर आहे तिचं. पोच दिली.

पोच देणं म्हणजे वाचणं नव्हे, हे मला तिच्या आधी ठाऊक होतं. १९७१ सालची गोष्ट. एका प्राथमिक शाळेतले मास्तर मुलांच्या खेळगाण्यांचं छोटं पुस्तक स्वखर्चाने छापून घ्यायला आमच्याकडे आले. प्रती पाचशे. पैसे हप्त्याहप्त्याने. अर्पणपत्रिकेत दोनच ओळी : पहिलीत त्यांचे वडील, मागे ‘कै.’, दुसरीत त्यांचा मुलगा, मागे ‘चि.’. मुलगा सैन्यात होता आणि त्या वेळी पूर्व सीमेवर होता. कंपोझिटरच्या हाताने पहिल्या ओळीतलं ‘कै.’ दुसऱ्या ओळीतही लावलं. मी ते गॅलीत वाचलं, पानात वाचलं, मशीनप्रुफात वाचलं. तीनदा. डोळ्यांना जे दिसायला हवं होतं तेच दिसलं. उजव्या कोपऱ्यात ओ. के. लिहिलं, तारीख घातली. ते प्रुफ मी अजून जपून ठेवलं आहे.

नोव्हेंबर संपता संपता मास्तर पुस्तकाचे गठ्ठे न्यायला आले. पहिलंच पुस्तक उघडलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हिने अजून बघितलेलं नाही.” मी म्हटलं, ते पान पुन्हा छापून देतो, पैसे माझ्या पगारातून. ते म्हणाले, “नको. लेखणी द्या.” आम्ही दोघं छापखान्याच्या ओट्यावर बसलो. ते ‘कै.’ ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचे, मी बारीक टाकाने तिथे ‘चि.’ लिहायचो. पाचशे प्रती, दोन रात्री. तिसऱ्या डिसेंबरला लढाई सुरू झाली. मी रोज सकाळी पेपर उघडताना हातातल्या कपाला धरून बसत असे. छापलेल्या अक्षरात काही असतं, असं मी कधी मानलं नव्हतं. त्या महिन्यात मानू लागलो.

जानेवारीत मास्तर आले ते राहिलेला हप्ता द्यायला. कोटाच्या खिशातून अंतर्देशीय पत्र काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. “वाचा.” मराठीच्या मास्तरांचा मुलगा, पण ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका होत्या. शेवटच्या ओळीत ‘बाकी सर्व ओ. के.’ असं होतं, तेही ‘ओ’वर अनुस्वार देऊन. सवयीने हात टेबलावरच्या लाल पेन्सिलीकडे गेला. मास्तरांनी तो बघितला आणि पत्र उचलून घडी घालून परत खिशात ठेवलं. मग चाळीस रुपये मोजून दिले आणि पावती मागितली.